पाचपैकी तीन

उदार हाताचा आणि कंजूष बोटाचा असा माणूस अख्ख्या पुण्यात एकच आहे, आणि तो नेमका आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. हे माझे मामेसासरे. हात उदार अशासाठी, की जेवण घेऊन आलेल्या माणसाला ते पन्नासाची करकरीत नोट पांढऱ्या पाकिटात घालून, पाकिटावर त्याचं नाव लिहून, दोन्ही हातांनी देतात. आणि बोट कंजूष अशासाठी, की तो माणूस पाठमोरा झाला की तेच मामा चष्मा बदलून फोन हातात घेतात आणि त्याला पाचपैकी तीन स्टार देतात. साडेतीनची सोय त्या अ‍ॅपमध्ये नाही याचं त्यांना वाईट वाटतं, पण म्हणून चारवर बोट गेलं असं कधी झालं नाही. हे सगळं कोथरूडमधल्या एका साध्या सोसायटीत, भर दुपारी, बारा-साडेबाराला चालतं आणि ते अ‍ॅप मामांच्या फोनमध्ये मीच घालून दिलं असल्यामुळे पुढे जे झालं त्यात थोडा वाटा माझाही आहे.

मामांनी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि दर उन्हाळ्यात दहावीचे पेपर तपासले. पुढे ते नियामक झाले, म्हणजे दुसऱ्यांनी तपासलेले पेपर पुन्हा तपासायचे आणि "इथे अर्धा मार्क जास्त गेलाय" असं सांगायचं. त्यांच्या हातून कुणी अन्यायानं नापास झाल्याचं ऐकिवात नाही. मात्र त्यांचे मार्क बघून कुणी हरखून गेल्याचंही नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. साठ मार्क म्हणजे पहिला वर्ग, आणि माणसाला यापेक्षा जास्त लागतंय कशाला? सत्तर हुशार मुलाचे, ऐंशी पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याचे आणि नव्वदच्या वर ज्यानं पृथ्वी केली त्याचे. नोकरी संपली तेव्हा लाल पेन शाळेत राहिलं, पण तपासणं काही सुटलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी केलेले पहिले पोहे मामांनी शांतपणे संपवले आणि "साडेसहा" म्हणाले. मी ओट्याशी डोळे पुसत उभी राहिले, तर मामी येऊन म्हणाल्या, "रडू नकोस गं. मला पहिल्या दिवशी पाच मिळाले होते. त्यातला एक मांडणीचा होता."

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा पट्टी काढून डॉक्टरांनी मोठ्या उत्साहानं विचारलं, "काय काका, छान दिसतंय ना आता?" मामांनी भिंतीवरचा तक्ता पाहिला, खिडकीबाहेरचं झाड पाहिलं, डॉक्टरांकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "बहात्तर टक्के." डॉक्टरांचा चेहराच उतरला. त्यांनी पुन्हा दिवे मालवले, यंत्रं लावली, अर्धा तास डोळा तपासला, आणखी एका मोठ्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. डोळ्यात काहीच दोष सापडेना. शेवटी मामीच पुढे होऊन म्हणाल्या, "अहो, खूश आहेत ते. मला पन्नास वर्षांत अडुसष्टच्या वर जाता आलेलं नाही." तेव्हा आम्ही सगळे हसलो. आमच्यातला एकही जण तेव्हा असं म्हणाला नाही, की आपल्या घराबाहेर बहात्तरचा अर्थ वेगळा होतो.

मामींनी सत्तरी ओलांडल्यावर एक दिवस सकाळी चहाबरोबर जाहीर केलं, की आठवड्यातून तीन दिवस त्या दुपारचा स्वयंपाक करणार नाहीत. "तुम्ही अठ्ठावन्नला रिटायर झालात, मी सत्तरला होतेय, तेही अर्धवट," एवढंच त्या म्हणाल्या. मामांनी लगेच मला बोलावलं आणि मी ते अ‍ॅप घालून दिलं. पहिल्याच ऑर्डरला भांडण झालं. ऑर्डर दिल्याबरोबर अ‍ॅपनं विचारलं, टिप किती देता? वीस, तीस की पन्नास? मामांनी फोन माझ्यासमोर धरला. "हा माणूस अजून हॉटेलातून निघाला नाही. पेपर कोरा आहे. आणि हे मला आत्ता मार्क विचारतात?" मी म्हटलं, मामा, नंतरही देता येते, अ‍ॅपवरूनच द्या, त्यांच्या खात्यात जाते. त्यावर त्यांनी मला दिवाळीच्या पोस्तावर व्याख्यान दिलं. "पोस्त आपण पोस्टमनच्या हातात देत होतो, की त्याच्या साहेबाला मनीऑर्डर करत होतो? बक्षीस हातातून हातात द्यायचं असतं. देणाऱ्यानं घेणाऱ्याकडे बघायचं असतं. तुझी टिप त्याला पोहोचतही असेल, पण मला ती पोहोचलेली दिसत नाही." मी स्वतः 'दाराबाहेर ठेवा' पंथातली. एका कानात मीटिंग चालू असते, दुसऱ्या हातानं अ‍ॅपवर वीस रुपये टाकते आणि पाच स्टार दाबून मोकळी होते.

मामांनी मग आपली पद्धत बसवली. ऑर्डर दिली की अ‍ॅपवर आणणाऱ्याचं नाव येतं. ते बघून आधी पाकीट तयार करायचं. 'श्री. अमुक यांस, सप्रेम.' अक्षर फळ्यावरचं, टपोरं. मग नकाशावरची ती छोटी गाडी सरकताना बघत राहायचं, आणि ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली, की पाकीट आणि पाण्याची बाटली घेऊन स्वतः खाली गेटवर जाऊन उभं राहायचं. याला कारण होतं. आमच्या सोसायटीनं ठराव केला होता, की जेवण पोहोचवणाऱ्यांनी मोठी लिफ्ट वापरू नये, मागची सामानाची वापरावी. दुसऱ्या दिवसापासून मामा स्वतःच सामानाच्या लिफ्टनं ये-जा करू लागले. कुणी विचारलं तर सांगत, "मीही आता सामानच आहे." महिन्याभरात ठराव मागे पडला, पण मामांची गेटवर उतरायची सवय राहिली. तिथे ते आधी पाणी देत, मग पाकीट, आणि मग गाव विचारत. गाव कळलं की नदी. पुसदचा असेल तर पूस, वाशीमकडचा असेल तर पैनगंगा. नदी सांगता आली नाही तर मामा सांगत आणि आलेला माणूस हेल्मेट हलवत ऐकून घेई. एकानं गाव विश्रांतवाडी सांगितलं. "नदी कुठली?" "नदी नाही काका, सिग्नल आहे." त्याला मामांनी हजरजबाबीपणाचे म्हणून आणखी दहा रुपये दिले.

आणि स्टार तीन. शिवाय मामा निकाल लपवून ठेवणाऱ्यांतले नव्हेत. तोच माणूस पुन्हा आला, की ते त्याला पालकसभेतल्यासारखं सांगत, "मागच्या खेपेला तुम्हाला तीन दिलेत हं. वेळेत आलात, पण पिशवीची गाठ सैल होती." बहुतेकांना घाई असे. ते "थँक्यू काका" म्हणून गाडीला किक मारत. मामांना वाटे, पहिला वर्ग मिळाल्याचा आनंद झाला.

पौड रस्त्यावरच्या एका हॉटेलातली थाळी मामींना पचते, म्हणून ऑर्डर बहुधा तिथूनच असायची, आणि ती घेऊन बहुधा संगीताताईच यायच्या. चाळिशीच्या, कोपरापर्यंत हातमोजे, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, जुनी स्कूटर. वारज्याला राहायच्या, गाव हिंगणघाट. नदी विचारल्यावर त्यांनी क्षणात "वणा" असं सांगितलं होतं आणि वर "उन्हाळ्यात पाणी नसते जी तिच्यात" अशी माहितीही पुरवली होती. मामा त्या दिवशी वर येऊन मामींना म्हणाले, "बाई हुशार आहेत." मला वाटलं, आता चार देतील. त्यांनी फोन हातात घेतला, बराच वेळ विचार केला आणि तीन दिले. "हुशार आहेत, म्हणूनच उगाच लाडावून ठेवायचं नाही," म्हणाले. असं सहा-सात महिने चाललं. पाणी, पाकीट, दोन शब्द आणि तीन.

मग एका शुक्रवारी मी बाजारातून येत होते आणि गेटवर दोघं उभी दिसली. मामांनी पाकीट पुढे केलं होतं आणि संगीताताईंनी दोन्ही हात मागे घेतले होते.

"नको जी काका."

"का हो? काही चुकलं का माझं?"

"पैसे नका देऊ. त्याच्याऐवजी पाच स्टार देत जा."

मामा हसले. विद्यार्थी मार्क वाढवून मागायला आला, की ते असेच समजुतीनं हसत असतील. "अहो ताई, तीन म्हणजे साठ टक्के. पहिला वर्ग आहे तो. माझ्याकडून पहिला वर्ग मिळवायला मुलं वर्षभर..."

"तुमच्या शाळेत असंल जी," ताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आमच्यात तीन म्हणजे नापास. ज्याले स्टार जास्त, त्याले आधी वेळ निवडाले भेटते. मी दुपार धरत होती. अकरा ते चार. पोरगी दहावीत हाये माही, पाच वाजता घरी येते. आता स्टार खाली आले, तर दुपार दुसऱ्यांनी धरून टाकली. मले सोमवारपासून संध्याकाळ. पाच ते दहा. मिस्टर कंपनीत, त्यांची शिफ्ट बदलत राहते. पोरगी एकटीच."

"पण माझ्या एकट्याच्या तीननं..."

"बाकीचे लोक कुठं देते, काका? जेवते अन् विसरून जाते. तुमी न चुकता देता. दर खेपेले."

हॉर्न वाजवत कुणाची तरी कार आत शिरली, म्हणून ताईंनी स्कूटर बाजूला घेतली आणि त्या निघून गेल्या. पाकीट मामांच्या हातात राहिलं. आम्ही लिफ्टनं वर आलो. मामा जेवले, पण थाळीला मार्क दिले नाहीत. मामींनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. त्यांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं.

संध्याकाळी मामा आमच्याकडे वर आले. दारातूनच विचारलं, "तू किती देतेस?"

"पाच."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"ज्यानं परवा सांबार सांडलं, त्यालाही?"

"त्यालाही."

"मग ते मार्क कशाचे झाले?"

"हजेरीचे," मी म्हटलं. मला जरा रागच आला होता, खरं सांगायचं तर त्यांचा कमी आणि माझाच जास्त. मला सगळं माहीत होतं. तीनची काय किंमत होते ते आमच्या ऑफिसातल्या कुणीही सांगितलं असतं. मामांच्या तीन स्टारची गंमत मी चारचौघांत कितीदा सांगितली होती आणि लोक पोट धरून हसले होते. पण मामांना सांगायचं काही मला सुचलं नव्हतं. मामा खुर्चीत बसले. "पस्तीस वर्षं," म्हणाले, "पेपर तपासताना मी एक नियम पाळला. आपल्या अर्ध्या मार्कानं कुणाचं वर्ष जाणार नाही ना, ते बघायचं. काठावरचा पेपर दोनदा तपासायचा. आणि ही बाई काठावर आहे, हे मला कळलंच नाही." एवढं बोलून ते उठले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फेरतपासणी हाती घेतली. आधी जुने स्टार बदलून बघितले. ते बदलत नाहीत. मग अ‍ॅपवाल्यांना सविस्तर पत्र लिहायचं ठरवलं, पण पत्ता मिळेना. शेवटी मी ते पत्र मदतीच्या खिडकीत टंकून दिलं. 'मी एक निवृत्त शिक्षक असून माझ्याकडून गुणदानात गंभीर चूक झाली आहे' अशी सुरुवात होती. दोन सेकंदांत उत्तर आलं, की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि या उत्तराला आपण किती स्टार द्याल? मामांनी शून्य शोधलं. शून्याची सोय नव्हती.

मग त्यांनी रोज थाळी मागवायला सुरुवात केली. रात्री मामींना बाहेरचं सोसत नाही, म्हणून ताईंची वेळ बदलली आहे हे ठाऊक असूनही दुपारीच मागवत. एखाद्या दिवशी कुणी आजारी पडेल आणि त्या येतील, असा हिशेब. ताई आल्या नाहीत. दुसरे आले आणि मामांनी प्रत्येकाला पाच दिले. पहिले पाच ज्याला मिळाले तो पाऊण तास उशिरा आला होता आणि दुसऱ्याच कुणाची पावभाजी घेऊन आला होता. उत्तर चुकीचं आहे हे ठाऊक असताना ते फळ्यावर लिहायला लावावं, तसं मामांचं बोट तीनवरच घुटमळत होतं. पण दिले. आठव्या दिवशी मामींनी थाळीतली वाटी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "त्या बाईंची माफी मागायची आहे ना? मग माझ्या पोटातून कशाला मागताय? हॉटेलवर जा."

मी मामांना माझ्या स्कूटरवर मागे बसवून नेलं. हॉटेलच्या बाजूला एक अरुंद बोळ आहे. तिथे ऑर्डर तयार होईपर्यंत ही मंडळी उभी असतात. बसायला काही नाही. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. ताई भिंतीला टेकून फोनवर मुलीला सांगत होत्या, की दार आतून लाव आणि कुकर लावू नको, मी आल्यावर भात लावते. मामांना बघून त्यांनी फोन ठेवला.

मामांनी प्रस्तावना केली नाही. "माझं चुकलं," म्हणाले. "बदलून मिळत नाही म्हणतात. मी लिहिलं होतं त्यांना."

"जाऊ द्या जी," ताई म्हणाल्या. "नवीन पाच आले की जुने मागं पडते. होईल हळूहळू."

"किती दिवसांनी?"

"माहीत नाही. दोन महिने, तीन महिने."

"तोवर मुलीची परीक्षा येईल."

"हो. येईल ना."

आतून कुणी तरी नंबर पुकारला. तो ताईंचा नव्हता. मग मामांनी एकदम विचारलं, "तुम्हाला मला स्टार द्यायचे असते, तर किती दिले असते?"

"पाच," ताई लगेच म्हणाल्या.

"ते तुम्ही सगळ्यांना म्हणाल. खरे सांगा."

ताईंनी ओढणी सारखी केली. "तीन," म्हणाल्या. "खाली उतरून येता, पाणी देता, नाव लिहिता. त्याचे तीन."

"आणि दोन कशाचे कापले?"

"तुमी सगळं विचारलं, काका. गाव विचारलं, नदी विचारली. तीन दिल्यानं माहं काय होते, ते नाही विचारलं कधी."

त्यांनी मला मार्क द्यायचे ठरवले असते तर तीनही मिळाले नसते. मामांनी मान हलवली. "बरोबर तपासलंय," म्हणाले. "कुठे अर्धा वाढवायलाही जागा नाही." तेवढ्यात ताईंचा नंबर पुकारला गेला. त्यांनी दोन पिशव्या उचलल्या आणि गर्दीतून स्कूटर काढत त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फलकावर, पाणी बंदच्या सूचनेशेजारी, टपोऱ्या अक्षरात एक कागद लागला. 'जेवण आणून देणाऱ्यांना जे स्टार देतो, त्यात तीन म्हणजे पहिला वर्ग नव्हे, नापास, असे समजले. त्याने त्यांच्या कामाच्या वेळा जातात. खाली सही करणाऱ्याने ही चूक बरेच महिने केली आहे.' आणि खाली पूर्ण नाव, फ्लॅट नंबर, सही. आमच्या सोसायटीत तीनवाले आणखी बरेच निघाले. एक निवृत्त इंजिनियर तर दोन देत होते, "सुधारणेला वाव" म्हणून. ते मामांना जिन्यात भेटून गेले. दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत होते.

मुलीची परीक्षा होऊन गेली. संगीताताई पुन्हा दुपारी आल्या नाहीत. हॉटेलवर विचारलं तर कुणी म्हणालं, त्यांनी दुसरं अ‍ॅप धरलं, कुणी म्हणालं, गावाला गेल्या. मुलीला किती मार्क पडले, ते मामांना फार जाणून घ्यायचं होतं, पण ते सांगणारं कुणी नाही. मामी आता आठवड्यातले दोनच दिवस सुट्टी घेतात. पाकीट, पाणी, सगळं पूर्वीसारखं चालू आहे, आणि स्टार न चुकता पाच. तरी ते द्यायला मामांना अजूनही पाच-दहा मिनिटं लागतात. परवा मी न राहवून विचारलं, "अहो मामा, द्यायचे तर पाचच आहेत, मग एवढा वेळ कशाला?"

"आधी तो माणूस आठवून घेतो," मामा म्हणाले, आणि चष्मा पुसून पुन्हा फोनकडे बघत बसले.